'मुंबई स्पेशल' घड्याळं: रंगवलेल्या डायलचे किती पैसे द्यायचे?

चोर बाजारात काचेखाली ओळीने मांडलेली एचएमटी आणि जपानी सेको 5 घड्याळं चाळीस-पन्नास वर्षांची असूनही नव्यासारखी चमकतात. कारण त्यांच्या डायल नव्याने रंगवलेल्या असतात. जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. हजार-दोन हजारांत रोज घालायला वस्तू वाईट नाही. 'एकदम ओरिजिनल' म्हणून तिप्पट सांगितले, तर भिंग काढा.

दुरुस्तीने किंमत पडतेच असं नाही. मशीन उघडून धुणं, तेल घालणं, थकलेली मेनस्प्रिंग (मशीन चालवणारी मुख्य स्प्रिंग) बदलणं, चरे पडलेली ॲक्रिलिक काच नवी बसवणं, यात काही जात नाही. उलट सर्व्हिसिंग झालेल्या घड्याळाला दोन पैसे जास्तच मिळतात. नुकसान होतं ते डायल आणि केसमध्ये. तिथे एकदा घासलेलं परत येत नाही.

रंगकामात जुना थर पार पितळेपर्यंत खरवडतात, वर स्प्रे मारून अक्षरं छापतात. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा जाड ओठ असतो. या झटापटीत डायलमागचे दोन बारीक पाय मोडले, की डायल सरळ गोंदाने किंवा दुहेरी टेपने मशीनवर चिकटवतात. पावसाळ्यात ते सुटतं. डायल सरकते, तारीख खिडकीत तिरकी बसते, तासकाटा घासतो आणि घड्याळ थांबतं. दोष मशीनला दिला जातो. मशीन बिचारं ठणठणीत असतं.

सेकोमध्ये खूण सोपी आहे. सहाच्या खाली, डायलच्या अगदी कडेला बारीक क्रमांक असतो. त्यातले पहिले चार आकडे मशीनचे. मागच्या झाकणावर 7009 आणि डायलवर 6119 असेल, तर दोन घड्याळांचं एक केलंय. क्रमांकच नसेल तर डायल बहुधा रंगवलेली समजा. आणि हो, 7009 ला चावी भरत बसू नका. ते हलवूनच चालू होतं.

एचएमटीच्या 'जनता' मॉडेलचं 0231 हे 17 ज्वेलचं (घर्षण कमी करणाऱ्या 17 खड्यांचं) मशीन 'पायलट' या मॉडेलमध्येही आहे. म्हणजे जनतावर पायलटची डायल चढवली की 'दुर्मीळ पायलट' तयार! नारिंगी, पोपटी, सैन्याची चिन्हं छापलेली डायल दिसली तर दर निम्म्यावर आणा. पूर्ण चावी दिल्यावर हे मशीन दीड दिवस चाललं पाहिजे. दुकानात टाइमग्राफर (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) असेल तर घड्याळ आडवं ठेवून मोजायला सांगा: ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचा झोका, 250 अंशांच्या आसपास, आणि बीट एरर, म्हणजे 'टिक' आणि 'टॉक'मधला फरक, एक मिलिसेकंदाच्या आत.

केसचं पॉलिश बोटानेही कळतं. लगच्या (पट्टा अडकवायच्या केसच्या टोकांच्या) धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात, झाकणावरचे आकडे पुसट. खड्ड्यांवरून चढवलेला सोनेरी मुलामा तर वर्षभरात मनगटावरच उतरतो.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो. तिथली पिवळट डायलची, चरे पडलेली, बंद घड्याळं आधी पाहा; त्यांना बहुधा कुणी रंग लावलेला नसतो. टॉर्च न्या, आणि झाकण उघडून दाखवायला नकार दिला तर पुढच्या चादरीकडे वळा.