एकट्याचा पियानो की ऊदची संगत? जॅझ आणि अरबी संगीताची मैफल निवडताना

जॅझ आणि अरबी संगीत एकत्र आणणाऱ्या मैफली ढोबळमानाने दोन तऱ्हांच्या असतात. एकीत मंचावर ग्रँड पियानो आणि एकच कलाकार. दुसरीत मधोमध ऊद, म्हणजे नखीने वाजवायचं अरबी तंतुवाद्य, आणि त्याच्या भोवती पियानो, डबल बास, ड्रम. दुबई-अबुधाबीत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी रसिकांपुढे दोन्ही पर्याय येऊ शकतात. एकाच मैफलीला जायचं असेल तर कुठे जावं, यावर माझं मत पक्कं आहे. अरबी सुरांची ओढ असेल तर ऊद ऐका. दोन संगीतांच्या मधून एक माणूस वाट कशी काढतो, हे ऐकायचं असेल तर एकट्या पियानोला पर्याय नाही.

पण पियानोवाला कशाशी झुंजतो आहे, हे आधी ठाऊक हवं. आपल्याकडे जसे राग, तसे अरबी संगीतात मकाम. त्यातल्या काही फार लाडक्या मकामांमध्ये असे सूर आहेत जे पियानोवर नाहीतच. बयातीचा दुसरा सूर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या साधारण मधे बसतो. रास्तचा गंधार आणि निषादही असेच अधले-मधले. पियानोवर एक पट्टी दाबली की सूर उतरलेला, शेजारची दाबली की चढलेला. ऊदच्या दांडीला पडदे नसतात, त्यामुळे बोट हव्या त्या जागी थांबतं, मींड घेतं. कानून या दुसऱ्या अरबी तंतुवाद्याला तारांच्या टोकाशी छोट्या कळा असतात आणि वाजवता वाजवता त्या फिरवून सूर बदलता येतो.

पेटीच्या वादात वाढलेल्या आपल्या कानांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली, आणि त्यामागचा एक मोठा आक्षेप हाच होता की श्रुती पेटीत मावत नाहीत. अरब जगातही हा वाद जोरात झाला. १९३२ मध्ये कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बार्टोक आणि हिंडेमिथसारखे युरोपीय संगीतकार तिला हजर होते. अरबी संगीतात पियानोला जागा द्यावी की नाही, यावरून तिथे चांगलीच खडाजंगी झाली. पुढे लेबननच्या अब्दल्ला शाहीन यांनी हे मधले सूर देणारा खास पियानो बनवला, पण सभागृहांमध्ये आजही असतो तो नेहमीचाच पियानो.

मग एकटा वादक करतो काय? पहिला मार्ग निवडीचा. नहावंद, अजम, कुर्द, हिजाज हे मकाम पियानोच्या पट्ट्यांवर बऱ्यापैकी बसतात. अजम ऐकताना बिलावल आठवेल. हिजाजचे पहिले चार सूर तर थेट भैरवाचे: सा, कोमल रे, शुद्ध ग, म. अल्जीरियात पियानो लवकर रुळला त्याचं एक कारण हेच, की तिथल्या अंदालुसी परंपरेत ते मधले सूर फारसे लागत नाहीत. मुस्तफा स्कंदरानी यांनी १९६५ मध्ये एकट्या पियानोवर इस्तिख़बार ध्वनिमुद्रित केले. इस्तिख़बार म्हणजे तालाविना केलेली आलापी. त्यात जॅझ नाही, पण एकट्या पियानोवर अरबी आलापी कितपत उभी राहते, हे ज्यांना बघायचं आहे त्यांनी आधी हेच ऐकावं.

दुसरा मार्ग युक्तीचा, आणि माझ्या मते मैफलीची खरी गंमत इथे आहे. हात बघा. हिजाजच्या गंधारावर उजवा हात एकच पट्टी भराभर ठोकत राहतो, बोटं बदलत, कारण ऊदवर नखी अशीच एका तारेवर थरथरते. मग मधल्या सुराची गरज पडते तेव्हा वादक शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबतो आणि एक झटकन सोडतो. कानाला क्षणभर मधलं काहीतरी लागल्यासारखं वाटतं. ब्लूज (जॅझच्या मुळाशी असलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत) वाजवणारे पियानोवादक हे पूर्वीपासून करत आले आहेत, कारण ब्लूजच्या गंधारालाही पट्टी अपुरीच पडते. दोन संगीतं भेटतात ती नेमकी या जागी. कधी वादक उठून डावा हात तारांवर ठेवतो आणि उजव्याने पट्ट्या दाबतो. असा दबका, लाकडी आवाज येतो की ऊदची आठवण व्हावी.

डाव्या हाताचा प्रश्न याहून अवघड. अरबी संगीत सुरावटीचं, जॅझ कॉर्डचं, म्हणजे एकदम वाजणाऱ्या अनेक सुरांचं. प्रत्येक सुराखाली भरगच्च कॉर्ड घातली की मकाम मरतो आणि हॉटेलच्या लॉबीतलं 'ओरिएंटल' संगीत ऐकू येतं. नुसता षड्ज धरून ठेवला तर जॅझ उरत नाही. चांगला वादक या दोन्हींमध्ये ये-जा करतो: आधी बराच वेळ खर्जातला एकच सूर, मग सुरावट कानात बसली की तिच्याखालची जमीन हळूच सरकवतो. एकटा असल्यामुळे त्याला कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला खूण करावी लागत नाही. ही मोकळीक चार-पाच जणांच्या ताफ्याला कधीच मिळत नाही.

ताफ्याची बाजूही तितकीच खरी. ट्युनिसचे ऊदवादक अन्वर ब्राहेम यांचा २०१७ चा 'ब्लू मकाम्स' हा अल्बम ऐका. सोबत पियानोवर जँगो बेट्स, बासवर डेव्ह हॉलंड, ड्रमवर जॅक डिजॉनेट. सुरांचा भार ऊद उचलतो, बास पाया धरतो, आणि पियानोला मोजकंच बोलण्याची मुभा मिळते. नवख्या कानाला हे जास्त सुखाचं. लयही सापडते, कारण ती धरणारा मंचावर दुसरा कुणीतरी असतो.

एकट्या पियानोत लय आपल्याला धरावी लागते. समाई नावाचा अरबी प्रकार दहा मात्रांचा, पण विभागणी ३-२-२-३. झपतालाच्या २-३-२-३ ची सवय असलेल्याला पहिली काही आवर्तनं चकवा बसतो, मग मजा येते. बैरुतमध्ये जन्मलेले पियानोवादक तारेक यमानी यांना २०१० मध्ये थेलोनियस मंक जॅझ रचना स्पर्धेत जिंकून देणारी रचना 'समाई यमानी' हीच. २०१७ च्या 'पेनिन्सुलर' या अल्बममध्ये त्यांनी आखाती ताल जॅझमध्ये आणले. हा अल्बम एकट्याचा नाही, बास आणि ड्रम सोबत आहेत, पण पियानोवर मकाम आणि स्विंग (जॅझची झुलती लय) एकाच वाक्यात कसे बोलतात, हे त्यांच्याइतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी ऐकू येतं.

दाद देण्याचाही फरक पडतो. अरबी मैफलीत तरब, म्हणजे संगीताने येणारी धुंदी, चढला की श्रोते आपल्यासारखेच मधेच 'आह' म्हणतात आणि गाणारा-वाजवणारा त्यावर फुलतो. पियानोच्या मैफलीत सभागृह बहुधा चिडीचूप असतं. ज्यांना दाद दिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना हे जड जाईल.

तिकीट काढण्याआधी कार्यक्रमपत्रिका नक्की वाचा. मकामांची किंवा रचनांची नावं दिली असतील तर बिनधास्त जा. नुसतं 'पूर्व-पश्चिम संगम' एवढंच लिहिलं असेल तर त्या वादकाचं एखादं ध्वनिमुद्रण आधी ऐका. त्यात हिजाज सोडून दुसरं काहीच येत नसेल, तर पैसे ऊदच्या मैफलीसाठी राखून ठेवा. अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांनी १९७५ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला एकट्याने तासाभराहून अधिक वेळ वाजवलं, ते ध्वनिमुद्रण ज्याला मध्येच बंद करावंसं वाटतं, त्यानेही सुरुवात ताफ्यापासून करावी. लहान मुलं सोबत असतील तरी तेच.

आणि पियानोच ठरला, तर खुर्ची प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूची घ्या. वादकाचे हात तिथूनच दिसतात.