हिंसेच्या जोखमीचं मूल्यमापन: आधी व्हीआरएजी-आर शिकावं की एचसीआर-२०?

प्रशिक्षणासाठी रजा मोजून मिळते आणि फी बहुधा स्वतःच्या खिशातून जाते. म्हणून मराठवाड्यातल्या कारागृहात, सिव्हिल हॉस्पिटलात किंवा न्यायालयासाठी काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला माणसाकडून पुढे हिंसा होण्याची जोखीम तपासण्याच्या दोन पद्धतींपैकी एक आधी निवडावी लागते. गुण मोजून आकडा देणारी व्हीआरएजी-आर, किंवा वीस घटकांच्या चौकटीत राहून स्वतः निर्णय घ्यायला लावणारी एचसीआर-२० ची २०१३ ची तिसरी आवृत्ती. दोन्हींची ओळख वाचकाला असेल असं धरतो. मी दुसरी निवडली.

व्हीआरएजी-आर च्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मुद्दे बाराच, तेही बहुतेक फाइलवरून भरता येणारे. बंद्याने मुलाखत नाकारली तरी काम अडत नाही. गुण देण्याचे नियम हातात बसले की दोन परीक्षकांचे आकडे जवळपास जुळतात, आणि उलटतपासणीत ‘हे गुण कुठून आले’ याचं उत्तर सरळ देता येतं. प्रशिक्षणही आटोपशीर असतं. मात्र बाराव्या मुद्द्यासाठी पीसीएल-आर या मनोविकृत (सायकोपॅथिक) व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्या चाचणीचा चौथा, समाजविरोधी वर्तनाचा पैलू मोजावा लागतो आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं, हा खर्च आधीच हिशोबात धरावा. पीएच.डी. करायची असेल किंवा शेकडो फायलींचा अभ्यास हाताशी असेल, तर हीच आधी शिकावी, असं माझंही मत पडेल.

माझी अडचण झाली ती पहिल्या दोन मुद्द्यांवर. पहिला मुद्दा: सोळाव्या वर्षापर्यंत सख्ख्या आईवडिलांसोबत राहिला का? दुसरा: आठवीपर्यंत शाळेत वर्तनाची किंवा हजेरीची अडचण होती का? आता बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूरकडची फाइल घ्या. आईबाप दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. पोरगं एक तर आजीकडे राहतं, नाही तर फडावर जातं आणि शाळेचं अर्धं वर्ष बुडतं. आजीकडे राहिलं तर पहिल्या मुद्द्यावर पेच, फडावर गेलं तर दुसऱ्यावर. आईबापांपासून ‘वेगळं राहणं’ म्हणायचं का याला? बुडालेली हजेरी ‘अडचण’ म्हणून मोजायची का? अक्षरशः नियम लावला तर घरच्या गरिबीचे गुण त्या माणसाच्या धोक्यात जमा होतात. नियम वाकवला तर आकड्यामागचा आधारच जातो, कारण तो आकडा कॅनडातल्या पुरुषांच्या नोंदींवर बेतलेला आहे. गुन्ह्याच्या वेळची वैवाहिक स्थिती हाही एक मुद्दा आहे. जिथे बहुतेकांची लग्नं लवकर उरकलेली असतात, तिथे त्यातून माणसामाणसातला फरक फारसा कळत नाही. आणि आधी किती वेळा आत गेला हे मोजताना पारधी वस्तीवरच्या तरुणाचा विचार करा. तिथल्या नोंदींत त्याच्या वागण्याइतकाच पोलिसांचा संशयही मोजला जातो. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र गेला नाही.

एचसीआर-२० मध्ये असा पूर्वग्रह शिरतच नाही, असं नाही. तो परीक्षकाच्या मनातून शिरू शकतो. पण तिथे प्रत्येक घटक ‘आहे, अंशतः आहे, नाही’ ठरवल्यावर, या माणसाच्या हिंसेशी त्याचा संबंध कमी, मध्यम की जास्त, हे कारणासह लिहावं लागतं. माहितीच नसेल तर घटक मोकळा सोडता येतो. शाळा अर्धवट सुटली हे नोंदवून ‘हिंसेशी संबंध कमी’ असं लिहिण्याची सोय या पद्धतीत आहे. माझा तराजू झुकला तो इथेच.

शिकताना चुका ठरलेल्या होतात. पहिली चूक म्हणजे ‘आहे’ मोजून बेरीज करणं. वीसपैकी चौदा म्हणजे धोका जास्त, असा अर्थ इथे निघत नाही. एकाच गंभीर धमकीने बाकी घटक मागे पडू शकतात. दुसरी, शेवटचे पाच जोखीम-व्यवस्थापनाचे घटक भरताना माणूस आत राहणार की बाहेर जाणार हे आधी न ठरवणं. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: पाचव्या पायरीवरचं प्रसंगचित्र, म्हणजे पुढे हिंसा कधी, कोणावर, कशी होऊ शकते याचं वर्णन, मोघम लिहिणं. ‘तणावाखाली हिंसक होऊ शकतो’ हे वाक्य कोणालाही लागू पडतं. त्याऐवजी नमुन्यादाखल असं लिहावं: ‘हंगाम संपून घरी आल्यावर उचल फिटलेली नाही, मुकादम दारात येतो, गोळ्या आठवडाभर बंद आहेत आणि पिणं रोजचं झालंय. अशा वेळी धोका थोरल्या भावाला, बांधाच्या जुन्या वादावरून. हत्यार म्हणजे कोयता, तो घरात असतोच.’ एवढं लिहिलं की उपायही तिथेच दिसतात. गोळ्या जवळच्या रुग्णालयातून कोण आणणार, कोयता कोणाच्या ताब्यात राहणार, भावाला काय सांगायचं. आकडा कितीही अचूक असला तरी या प्रश्नांपर्यंत तो पोचत नाही.

न्यायालयाचा प्रश्नही याच वळणाचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७७ मध्ये विचारलं जातं ते एवढंच, की स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका नसताना, मानसिक आजारामुळे अटकावून ठेवलेल्या या व्यक्तीला सोडता येईल का. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. तिथून गेवराईच्या गावात परतणाऱ्या माणसाबद्दल पाच वर्षांची टक्केवारी देऊन न्यायाधीशांच्या हाती फारसं काही लागत नाही.

वेळेचं मात्र कबूल करायला हवं. सुरुवातीची प्रकरणं माझ्या अंदाजाने प्रत्येकी आठ-दहा तास खातात आणि निम्मा वेळ दोषारोपपत्र, जबाब आणि कारागृहाच्या वैद्यकीय नोंदी जुळवण्यात जातो. रोज वॉर्डातच काम असेल आणि प्रश्न पुढच्या चोवीस तासांचा असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून सात घटकांची डासा ही नजीकच्या आक्रमकतेचा अंदाज घेणारी छोटी यादी आधी शिकावी. ती परिचारिकेला पाळी बदलतानाही भरता येते.

एचसीआर-२० चं प्रशिक्षण निवडताना प्रमाणपत्रापेक्षा सरावाची प्रकरणं पाहा. नुसती व्याख्यानं असतील तर फी वाया जाते. किमान तीन प्रकरणं प्रत्येकाने एकट्याने भरावीत, मगच गटात जुळवावीत. मतभेद झाला त्या घटकावर प्रशिक्षकाने पुस्तिकेतली व्याख्या उघडून बोलावं. नंतरच्या दोन-तीन खऱ्या प्रकरणांवर मार्गदर्शन मिळणार का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या. परदेशी प्रशिक्षकांच्या ऑनलाइन वर्गात सरावाच्या फायली नीटनेटक्या, इंग्रजीत, पानपानभर माहितीच्या असतात. म्हणून जाताना आपली एक फाइल सोबत न्या. परवानगी घेऊन, नाव-गाव काढून, आणि मुद्दाम अशी, जिच्यात शाळेचा दाखला नाही, जबाब हाताने लिहिलेले आहेत आणि आधीच्या उपचारांची एकच चिठ्ठी सापडते.