आठवड्याचा अंदाज की तीन तासांचा इशारा?

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पुढच्या काही दिवसांचा असतो. रडारवर बेतलेला ‘नाउकास्ट’ फक्त तीन तासांचा. कोल्हापूरकरांसाठी पहिलाच मोलाचा. पंचगंगा एका सरीने फुगत नाही. घाटमाथ्यावर, राधानगरीकडे सलग कोसळलं की राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठतं, मग ४३ फुटांची धोका पातळी. जनावरं हलवायला, धान्य माळ्यावर चढवायला तेवढे दिवस हवेतच.

मुंबईत मात्र अख्ख्या जिल्ह्याला इशाऱ्याचा एकच रंग (पिवळा, नारिंगी, लाल) पुरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही! तिथे लोकल पकडण्याआधी नाउकास्टच बघावा.

उष्णतेच्या लाटेसाठी पुन्हा आठवड्याचाच अंदाज. शेतातल्या, बांधकामावरच्या कामाच्या वेळा आधीच बदलाव्या लागतात.