तुरुंगातली मोजणी की पाळण्यापासूनची नोंद?

सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना मानसशास्त्र शिकणारी भाची म्हणाली, "मामा, समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे नियम आणि इतरांचे हक्क सतत पायदळी तुडवण्याची वृत्ती, आणि गुन्हे यांचा संबंध कशावरून धरायचा?"

पहिली वाट तुरुंगातल्या पाहणीची. फझल आणि दानेश या संशोधकांनी २००२ मध्ये १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र केल्या, सुमारे २३,००० कैदी. हा विकार पुरुषांत ४७ टक्के, स्त्रियांत २१ टक्के. आकडा दणदणीत, पण गोम अशी की निदानाच्या निकषांतच कायदा मोडणं येतं. हुरडा पार्टीत ज्वारी मोजण्यासारखंच हे! न पकडले गेलेले तर मोजणीतच नाहीत.

दुसरी वाट संथ. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेली १,०३७ मुलं तीन वर्षांची असल्यापासून अभ्यासली जातायत. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला भेद याच कामाशी जोडलेला: बहुतेकांचं वांडपण पौगंडावस्थेपुरतं, मोजक्यांचं लहानपणापासून पुढे चालणारं. विकाराचं निदान होतं वयाच्या १८ नंतरच, लक्षणं मात्र १५ च्या आधीपासून हवीत. म्हणून आठवून सांगितलेल्यापेक्षा तेव्हाचीच नोंद मोलाची.

मी दुसऱ्या वाटेकडे झुकलो. भाची हसली, "मामा, प्रबंध जूनमध्ये द्यायचाय."