बळी देऊन मात करायची पझल्स, बरेच महिने सोडवल्यावर

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर थीमनुसार पझल्स मिळतात, फुकट आणि खऱ्या खेळलेल्या डावांमधली, त्यातली मोहरा देऊन मात करायची पझल्स मी गेले बरेच महिने जवळपास रोज सोडवतोय. फायदा होतो, भरपूर होतो. वजीर द्यायचं धाडस येतं वगैरे ठीक आहे, पण खरी गोष्ट म्हणजे दिलेला मोहरा नेमकं काय काम करतोय ते दिसायला लागतं.

आता घोड्याची ती कोंडून केलेली मात घ्या. काळा राजा एच८ वर (अक्षर म्हणजे पटावरचा उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी ओळ), त्याचीच प्यादी जी७ एच७ वर, आपला घोडा एच६ वर. वजीर जी८ ला नेऊन शह द्यायचा, घोड्याचा जोर आहे म्हणून राजाला तो मारता येत नाही, हत्तीनेच मारावा लागतो आणि हत्ती तिथे आला की राजाचं उरलेलं घर पण गेलं, मग घोडा एफ७ आणि मात! म्हणजे वजीर दिला तो घर बुजवायला. जुना अमेरिकन खेळाडू मॉर्फीच्या १८५८ च्या पॅरिसमधल्या डावात काम वेगळं आहे, तिथे काळ्याचा डी७ चा घोडा मॉर्फीच्या हत्तीच्या वाटेत उभा होता, वजीर बी८ वर देऊन त्याला बाजूला ओढला आणि हत्ती थेट डी८ वर. आणि २०१६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या शेवटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या डावात, कार्लसनने एच६ वर वजीर दिला तेव्हा राजाने मारला तरी मात, प्याद्याने मारला तरी मात, समोरच्या कार्याकिनने तिथेच डाव सोडला. काय चाल आहे राव, कितीही वेळा बघा.

एक मर्यादा मात्र आहे. थीम निवडली की मात आहे हे आधीच कळलेलं असतं, मग माणूस विचार न करता आधी सगळे शह बघत सुटतो, डावात असं कोणी सांगत नाही. म्हणून आता मी अर्धी पझल्स मिक्स, म्हणजे थीम न निवडता, लावतो आणि समोरच्याची प्रत्येक उत्तराची चाल बघून झाल्याशिवाय मोहरा हलवत नाही, वेळ लागला तरी चालेल.

एच७ वर उंट द्यायच्या पझल्समध्ये तर हे लागतंच. राजाने उंट मारला, घोड्याने जी५ वरून शह दिला, राजा जी८ ला परतला तर वजीर एच५ ला येतो, ते सोपंय. राजा जी६ ला वर आला की खरी परीक्षा, सध्या मी त्याच चालींवर बसलोय आणि सगळ्यात जास्त मजा तिथेच येतेय.