माशांच्या चित्रांचे ग्लास : माझे १९,२५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

इन्स्टाग्रामवर ‘भीमेचे देशी मासे’ छापलेल्या काचेच्या ग्लासांची जाहिरात दिसली तर एक रुपयाही पाठवू नका.

आमचे दाजी मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त होणार होते. समारंभात त्यांच्या सहकाऱ्यांना द्यायला मी सहा-सहा ग्लासांचे बारा संच मागवले. संच १,४५० चा. खडस, मरळ, वाम, शिंगाळा... जुन्या शास्त्रीय ग्रंथात असतात तशी खवला न् खवला दाखवणारी चित्रं, खाली लॅटिन नाव. असली वस्तू नवी पेठ पालथी घातली तरी मिळत नाही, मग ऑनलाइनच मागवणार ना? विक्रेत्यानं निम्मे पैसे, ८,७०० रुपये, आधी मागितले. ऑर्डरप्रमाणे बनवायच्या मालाला आगाऊ कोण मागत नाही?

पुढचं आठवलं की अजून जीव जळतो. नमुन्याचा फोटो आला. नाव ‘खडस, टॉर खुद्री’, आणि चित्र चिलापीचं! खडसाला तोंडाशी मिशा असतात, खवले मोठे. या माशाला मिशाच नव्हत्या, पाठीवर एकच लांब काटेरी पर. उजनीची चिलापी आमच्या घरात नेहमी शिजते, मी ओळखणार नाही होय? खडस आपल्याच नद्यांचा, सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. चिलापी आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ मध्ये. मी तसं विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “बरं झालं ताई सांगितलंत. छपाईचा ब्लॉक बदलावा लागेल, १,८५० होतील.”

चूक त्याची आणि पैसे माझे! तिथंच व्यवहार मोडायचा. पण ८,७०० अडकलेले, समारंभ तोंडावर आलेला, आणि बोलणं इतकं अदबीचं की कुणालाही खरं वाटावं. दाजींना विचारावं तर सगळं त्यांच्यापासूनच लपवून चाललेलं. १,८५० दिले. माल पाठवण्याआधी उरलेले ८,७०० पण घेतले.

खोक्यातून निघाले हलके ग्लास, वर स्टिकर. पाण्यात घातले की मासा हातात! खरी छपाई भट्टीत भाजून पक्की करतात, नखानं खरवडली तरी निघत नाही. आणि खडसाच्या नावावर परत चिलापीच.

पोलीस ठाण्यात म्हणाले, “माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली?” बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तर विक्रेत्याच्या गावी जायला सांगितलं. अहो, त्याचं गाव माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. हे त्या खिडकीवर मी सांगायचं? पगार कशाचा घेता? चोर एकदा लुटून गेला, यांनी मला टेबलाटेबलावर खोटं पाडलं.

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, घरच्यांना नंतर सांगा. चॅट पुसू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. दिलेल्या पैशांवर आणखी पैसे मागितले की तिथंच थांबा, आधीचे सुटतील म्हणून पुढचे घालू नका.

त्यानं पेजचं नाव बदललंय, धंदा चालूच आहे. फोटो तोच टाकतो, खडसाच्या नावाखाली चिलापी. दिसला की रिपोर्ट करा.