ऑस्टिओपॉन्टिनसाठी अँटिबॉडी: मोनोक्लोनल घ्यावी की पॉलिक्लोनल?

ऑस्टिओपॉन्टिन या हाडात आणि इतर काही ऊतींत असणाऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी (त्याला ओळखून चिकटणारं प्रथिन) निवडायला बसलं की कॅटलॉगमध्ये नावांचा ढीग लागतो आणि जवळपास प्रत्येकीसमोर वेस्टर्न (जेलवरची प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून ओळखणं, म्हणजेच ब्लॉट), आयएचसी (ऊतीच्या पातळ कापावर, सेक्शनवर, प्रथिन रंगवणं), एलायझा (द्रवातलं प्रथिन मोजणं) अशा सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा असतात. त्या खुणांवर फार विसंबू नये. आपल्याला या प्रथिनाचं कुठलं रूप पाहायचंय, हे आधी ठरवावं.

कारण प्रथिन बहुरूपी आहे. माणसाचं ऑस्टिओपॉन्टिन 314 अमिनो आम्लांचं. हिशेबाने वजन 35 किलोडाल्टनच्या आसपास भरतं, पण जेलवर ते 45 ते 75 मध्ये कुठेही दिसू शकतं. एक तर त्यावर फॉस्फेट आणि साखरेच्या साखळ्या लटकलेल्या, शिवाय ते मुळातच इतकं आम्लधर्मी की एसडीएस (प्रथिनं जेलवर वजनानुसार धावावीत म्हणून घातलेलं डिटर्जंट) त्याला नीट चिकटत नाही. थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं. भरीला माणसात ए, बी आणि सी असे स्प्लाइस प्रकार (एकाच जीनचे तुकडे, म्हणजे एक्सॉन, वेगवेगळे जोडून बनलेली रूपं) आहेत. बी मध्ये एक्सॉन 5 नसतो, सी मध्ये एक्सॉन 4.

मोनोक्लोनल यातली एकच जागा ओळखते. ती जागा फॉस्फेटखाली झाकली गेली, तुटून दुसऱ्या तुकड्यात गेली किंवा त्या प्रकारात मुळातच नसली, की प्रथिन समोर असून ब्लॉट कोरा. पॉलिक्लोनल अनेक जागा धरते, म्हणून सहसा काही ना काही दाखवतेच. दाखवलेलं सगळं ऑस्टिओपॉन्टिनच असेल याची मात्र हमी नाही.

वेस्टर्नसाठी मी सुरुवात पॉलिक्लोनलने करेन. अनेक बँड आले तर वैतागू नये, त्यात तुकड्यांची माहिती असते. धोका वेगळाच आहे. पेशींच्या माध्यमात सीरम असेल तर 66 किलोडाल्टनला अल्ब्युमिनचा गठ्ठा बसतो, आणि आपलं प्रथिनही नेमकं त्याच गल्लीत. मी एकदा आठवडाभर ज्या सुंदर जाड बँडवर खूश होते, तो पेशी न घातलेल्या नुसत्या माध्यमाच्या लेनमध्येही तितकाच सुंदर आला. तेव्हापासून शेवटचे 24 तास सीरमविना माध्यम, आणि नुसत्या माध्यमाची लेन प्रत्येक जेलवर.

ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा आधी झाकायला) दूध पावडर नको. गायीच्या दुधात ऑस्टिओपॉन्टिन असतंच, लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅम. पॉलिक्लोनल ते धरू शकते आणि अख्खी मेम्ब्रेन काळवंडते. बीएसए (गायीचं शुद्ध अल्ब्युमिन) वापरा. बकरीत बनवलेली प्रायमरी (प्रथिनाला थेट धरणारी अँटिबॉडी) असेल तर आणखी एक अडचण: तिच्यावरची सेकंडरी (प्रायमरीला धरून ती दाखवणारी अँटिबॉडी) गायीच्या आयजीजीलाही, म्हणजे तिच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही, चिकटते, म्हणजे दूध आणि वासराचं सीरम दोन्हीकडून गोंधळ.

हाडाच्या सेक्शनवर निवड जास्त अवघड होते. आम्लाने कॅल्शियम काढलं तर काम लवकर उरकतं, पण एपिटोप (अँटिबॉडी ओळखते त्या जागा) बिघडतात. कॅल्शियम हळूहळू ओढून घेणाऱ्या ईडीटीएला उंदराच्या मांडीच्या हाडासाठीही दोनेक आठवडे द्यावे लागतात. घाई असेल तर पॉलिक्लोनल तग धरण्याची शक्यता अधिक. मोनोक्लोनलची एकुलती एक जागा गेली की खेळ खलास. उंदराच्या ऊतीवर उंदरातच बनवलेली मोनोक्लोनल तर टाळाच, सेकंडरी ऊतीतल्या आयजीजीवरही बसते आणि अस्थिमज्जा सगळी तपकिरी होते. तिथे सशाची रीकॉम्बिनंट (ठरलेल्या जीनवरून पेशींत बनवलेली) मोनोक्लोनल हा मला सगळ्यात समजूतदार पर्याय वाटतो: ओळख एकाच जागेची, क्रम ठरलेला असल्याने एका लॉटपासून (खेपेपासून) दुसऱ्या लॉटपर्यंत फरक कमी, आणि सेकंडरीचा घोळ नाही. एपिटोप उघडण्यासाठी सेक्शन उकळू मात्र नका. कूर्चा आणि हाड काचेवरून सालीसारखं सुटतं. सिट्रेटमध्ये साधारण 60 अंशांवर रात्रभर ठेवलेलं बरं.

रंग बरोबर आला हे ओळखायचं कसं? हाडात जुन्या-नव्या थरांच्या सीमेवरच्या सिमेंट रेषा बारीक पेन्सिलीने ओढल्यासारख्या उठून दिसतात. ग्रोथ प्लेटमध्ये (हाडाची लांबी वाढते त्या कूर्चेच्या पट्ट्यात) फुगलेल्या, हायपरट्रॉफिक कूर्चापेशी रंगतात, वरच्या शांत पेशी सहसा नाही. सगळं एकसारखं तपकिरी असेल तर तो निकाल नव्हे. सोबत मूत्रपिंडाचा एक सेक्शन ठेवा. तिथल्या काही नलिकांमध्ये हे प्रथिन असतं आणि कॅल्शियम काढण्याची भानगड नाही. मूत्रपिंड रंगलं आणि हाड कोरं राहिलं, तर संशय अँटिबॉडीवर नाही, हाडाच्या तयारीवर घ्यावा.

एलायझात फारसा वाद नाही, मोनोक्लोनलची जोडी: एक प्रथिन पकडते, दुसरी दाखवते. फक्त त्या दोन जागा थ्रॉम्बिनच्या कापाच्या दोन बाजूंना असतील तर तुटलेलं प्रथिन मोजलंच जात नाही, अखंड तेवढं दिसतं. रक्त गोठताना थ्रॉम्बिन तयार होतं, म्हणून सीरमऐवजी ईडीटीए प्लाझ्मा.

कंट्रोलमध्ये कंजूषी नको. जीन नसलेल्या उंदराची ऊती मिळाली तर उत्तम, नाहीतर एसआयआरएनएने (जीन गप्प करणाऱ्या आरएनएच्या तुकड्यांनी) प्रथिन घटवलेल्या पेशी. जिवाणूंत बनवलेलं शुद्ध प्रथिन सोबत येतं, पण त्यावर ना फॉस्फेट ना साखर. ते जेलवर खाली धावतं, म्हणून आपला बँड त्याच्या रेषेत आला नाही तर घाबरायचं कारण नाही. पॉलिक्लोनल जमली तर तोच लॉट नंबर लिहून ठेवा आणि प्रकल्प संपेपर्यंत पुरेल इतका एकदमच मागवा. पुढच्या लॉटचा ससा दुसरा असू शकतो.